सहाच्या सभेला कोणी जात नसतं

इल्वाचा फोन रोज सकाळी, कॉफी उकळून वर यायच्या सुमाराला, तिला एकच प्रश्न विचारायचा. नवी सिस्टिम तयार आहे, अपडेट करायची का? खाली दोन बटणं असायची, "आत्ता" आणि "नंतर". इल्वा "नंतर"वर अंगठा असा दाबायची, जसं कोणी झुरळ चिरडावं.

"विचार, हवं तितकं विचार," ती फोनला म्हणायची. "तू दमशील, मी नाही दमायची."

बाईचा स्वभावच तसा, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण या एका बाबतीत तो नुसता स्वभाव नव्हता.

उभं आयुष्य तिने बाटल्यांच्या कारखान्यात काढलं होतं. पट्ट्यावरून काचेच्या बाटल्या दिवसभर एकमेकींवर आदळत जायच्या. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने तिला एक घड्याळ दिलं आणि तिचे कान ठेवून घेतले. तेव्हापासून दोन्ही कानांत यंत्रं, आणि ती यंत्रं चालवायला फोनमध्ये एक अ‍ॅप.

नवरा नेदो बंदरात क्रेन चालवायचा. वर केबिनमधून त्याने खाली शिवी हासडली की पलीकडच्या धक्क्यावरचे लोक दचकायचे. यंत्रं काढून ठेवली तरी इल्वाला ऐकू येणारा तो जगातला एकमेव माणूस होता. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि तो आवाज गेला. उरली ती घशातल्या घशात घोळणारी कुजबुज. ती शेजाऱ्यांना कळायची नाही, डॉक्टरांना कळायची नाही आणि सुरुवातीला इल्वालाही कळायची नाही. त्या दिवसांबद्दल ती कोणाशी बोलत नाही. एका टेबलाशी दोन माणसं बसलेली, एक बोलतोय, दुसरीला समजत नाही, आणि दोघंही उगाच हसतायत. याहून वाईट काही तिने पाहिलं नव्हतं.

मग हॉस्पिटलात कानांच्या विभागात जिनेव्रा नावाची एक तरुण डॉक्टरीण आली. तिने नेदोला समोर बसवलं आणि म्हणाली, "बोला." काय बोलू? "फुटबॉलच्या टीमची नावं घ्या." नेदो नावं घेत गेला, ती अ‍ॅपमधल्या रेषा वरखाली करत गेली. एक सूर उचलला, एक दाबला, घरघर कमी केली. टीम संपली तसा नेदो रेफ्रींवर घसरला. आणि मध्येच इल्वाला एकाएकी स्वच्छ ऐकू आलं की अमुक साली पेनल्टी देणाऱ्या त्या रेफ्रीच्या आईबद्दल नेदोचं नेमकं मत काय आहे. इल्वा ढसाढसा रडली. असल्या घाणेरड्या वाक्यावर इतकं प्रेमाने कोणी रडलं नसेल. अ‍ॅपमध्ये तेव्हापासून एक खास प्रोग्रॅम होता, आणि त्याचं नाव होतं "नेदो".

पुढे ती यंत्रं बनवणारी कंपनी कोणी तरी विकत घेतली आणि जुनं अ‍ॅप वाऱ्यावर सोडलं. उघडलं की तेच बिचारं इशारा द्यायचं: नव्या सिस्टिमवर मी चालणार नाही.

यावर विश्वास नसेल तर नेदोच्या भावाकडे, वास्कोकडे बघावं. त्याच्याकडे तीच यंत्रं होती. त्याने एके दिवशी, बघू तरी काय होतं म्हणून, "आत्ता" दाबलं. अ‍ॅप उघडेना. ते काढून पुन्हा घालायला गेला, तर ते मिळेचना. दुकानातल्या मुलीने यंत्रं पहिल्यासारखी कोरी करून दिली आणि सांगितलं की जुन्या सिस्टिमवर परत जायची सोय नसते. आता वास्कोला चमचे ऐकू येतात, सीगल पक्षी ऐकू येतात, माणसं तेवढी ऐकू येत नाहीत. म्हणून तो सगळ्यालाच मान डोलावतो. मासळीवाल्यापुढे मान डोलावून तो पेटीभर आंचोवी घेऊन घरी आला, आणि क्लबात मान डोलावून खजिनदार झाला. क्लबातल्यांना अजून हसू आवरत नाही. इल्वा मात्र हसत नाही. ती रात्री फोन चार्जिंगला लावत नाही, झोपेत त्याने आपल्या मनाने काही करून ठेवलं तर? दिवसा, इंटरनेट बंद करून, समोर खुर्ची टाकून ती त्याच्यावर पहारा देते, दुधाजवळ बसावं तशी.

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात बेर्तोक्की उपटला.

बेर्तोक्की म्हणजे इमारतीचा व्यवस्थापक. कालव्याकाठच्या त्या पाच मजली इमारतीचा जिना, छप्पर आणि भांडणं सांभाळायला नेमलेला माणूस. वर तो शेजारच्या पिसा शहरातला. दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा घरात मढं पडलेलं बरं, असं आमच्या लिव्होर्नोत उगाच नाही म्हणत. वसंतात कोणी तरी खालच्या दाराची किल्ली बनवून घेऊन आत शिरलं आणि दोन सायकली आणि वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलीची बाबागाडी घेऊन गेलं. बेर्तोक्कीला आयतं निमित्त मिळालं.

टपालपेट्यांपाशी त्याने इल्वाला गाठलं. "सिन्योरा, शुक्रवारी सभेला या हं. नवं कुलूप बसवतोय. किल्लीची कटकटच संपली. फोन दाखवला की दार उघडतं."

"आणि नाही दाखवला तर?"

"तर नाही उघडत. त्यालाच तर सुरक्षा म्हणतात."

"माझ्या या फोनवर चालेल?"

बेर्तोक्कीने तिच्या हातातला फोन घेतला आणि शिळा मासा धरावा तसा दोन बोटांत धरला. "अरेरे, याची सिस्टिम फार जुनी. अपडेट करावा लागेल. घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे. थांबा, मीच करून देतो." आणि त्याचा अंगठा काचेवरून सरकू लागला.

इल्वाने फोन असा हिसकावला की त्याचं घड्याळ मनगटावर फिरलं.

"अहो, चावतो का काय तो?"

"तो नाही चावत. मी चावते."

मग तिने त्याला सांगितलं, यंत्रांचं, अ‍ॅपचं, नेदोचं. बेर्तोक्कीने ऐकून घेतलं, म्हणजे तेवढा वेळ तो घड्याळाचा पट्टा सारखा करत राहिला.

"मग दारापुरता दुसरा फोन घ्या की."

"मला दोन चष्मे सांभाळता येत नाहीत. वाचायचा घालून मी रस्ता ओलांडते. हातात दोन फोन दिलेत तर एक दिवस चुकीच्या फोनवर 'आत्ता' दाबून बसेन. आणि मग? पुढे जायला एक बोट पुरतं, मागे यायला रस्ताच नाही. वास्कोला विचारा. तो मान डोलवेल."

"जग पुढे चाललंय, सिन्योरा इल्वा."

"जाऊ दे की. मी काय त्याच्या आडवी झोपले आहे? मला फक्त माझ्या घरात जायचंय."

"ते काय, बहुमत ठरवेल," बेर्तोक्की म्हणाला, आणि आता कसली काळजीच नाही असा हसला.

त्याला काळजी नव्हतीच. शुक्रवारच्या सभेला नेहमीची चार डोकी यायची आणि तेवढ्यांत काहीही मंजूर व्हायचं. इल्वा जिना चढली ती पायऱ्यांवर पाय आपटत. आपल्याच दाराने आपल्याला फोनचं वय विचारायचं, आणि फोन तरुण करावा तर नवरा मुका होणार. हे कोणतं विकतचं दुखणं?

संध्याकाळी नेदोला सूप भरवताना तिने सभेची नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. त्याला तिने फक्त किल्लीचं सांगितलं होतं. प्रोग्रॅम बंद पडेल वगैरे एक अक्षर बोलली नव्हती. कारण आपल्यामुळे कोणाला काही करावं लागतंय असा नुसता वास आला तरी नेदो दोन दिवस जेवत नसे.

"पहिलं बोलावणं, गुरुवार, सकाळी सहा, तळमजल्यावर जिन्यापाशी. दुसरं बोलावणं, शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा, क्लबची बिलियर्डची खोली."

नेदोच्या घशात हसू घोळलं. "सहाच्या सभेला... भुतं जातात."

खरंच होतं ते. कायद्याने सभेची दोन बोलावणी काढावी लागतात. पहिल्याला भरपूर लोक हजर लागतात, नाहीतर सभा भरतच नाही. दुसऱ्याला थोडकेही चालतात. म्हणून देशभरातले व्यवस्थापक पहिलं बोलावणं मुद्दाम अशा वेळी ठेवतात, की पाववाल्याशिवाय कोणी जागं नसावं. कोणी जात नाही, व्यवस्थापकही जात नाही, "कोणी आले नाही" असं तो आपला घरी बसूनच लिहून टाकतो. मग दुसऱ्या सभेत चार टाळकी जमवून हवं ते करून घेतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सहाच्या सभेला जाईन म्हणणाऱ्याला लोक थर्मामीटर लावतील.

"एकदा जाऊन... बघायला पाहिजे," नेदो म्हणाला. "भुतं... कोणाला मत देतात."

इल्वाचा चमचा हवेतच राहिला.

"नेदो," ती म्हणाली, "तू क्रेनवर उगाच आयुष्य घालवलंस."

पहिल्यांदा ती कोर्सीनीकडे गेली. कोर्सीनी कस्टममधून निवृत्त झालेला, एकटा राहणारा माणूस. त्याला कायदे पाठ होते आणि ते ऐकायला कोणी उरलं नव्हतं.

"गुरुवारी सहाला पुरेसे लोक आले, तर सभा खरी धरली जाते ना?"

"पहिल्या बोलावण्याला?" कोर्सीनीने चष्मा काढला. "धरली जाते. मग शुक्रवारची सभा होतच नाही. फक्त निम्म्याहून जास्त घरमालक हवेत, आणि घरांच्या आकाराप्रमाणे वाटलेल्या इमारतीच्या हजार हिश्श्यांपैकी दोन तृतीयांश. पण असं आजवर कोणी..."

"आजवर कोणी केलं नाही, का करता येत नाही?"

कोर्सीनी खुर्चीत ताठ बसला. "आधीच सांगतो, मी नव्या कुलपाच्या बाजूचा आहे. किल्ल्यांची नक्कल होते. माझं मत तुम्हाला मिळणार नाही."

"मत नको. तुम्ही हजर राहा."

"अध्यक्ष कोण?"

"तुम्ही. दुसरं कोण?"

"सहाला पाच कमी असताना मी खाली असेन," कोर्सीनी म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मान्रिकोला समजवावंच लागलं नाही. तो रात्रीची टॅक्सी चालवायचा आणि सहाच्या सुमारालाच घरी यायचा. अपडेटचं नाव काढताच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला नको सांगूस! केलं ना मी. म्हणे बॅटरी जास्त टिकेल. आता मध्यरात्री फोन मान टाकतो. परवा नकाशा गेला आणि एका नवरीमुलीला मी लग्नाऐवजी सिमेंटच्या कारखान्यावर नेऊन सोडलं. माझं मत घे. चालत असेल तर दोनदा घे."

दुसऱ्या मजल्यावरची ओरियाना मनाने लोण्याची. इल्वाचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "बिचारा नेदो! बिचारा, बिचारा!"

"ओरियाना, हे त्याच्यासमोर बोलायचं नाही. त्याला फक्त किल्लीचं माहीत आहे."

"मी कोणाला सांगते?" ओरियाना म्हणाली. ती इमारतीचं वर्तमानपत्र होती.

बाबागाडी गेली होती ते वरचे तरुण नवराबायको नव्या कुलपाच्या बाजूचे होते, तरी येतो म्हणाले. बाकीच्यांपैकी कोणी हट्टाने कबूल झालं, कोणी बेर्तोक्कीची जिरेल म्हणून, कोणी पिसाच्या माणसाविरुद्ध काहीही चालेल म्हणून. इल्वाने सगळी दारं ठोठावली. जिथे "बघू" म्हणाले तिथे ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेल्यावर माणसं "बघू" म्हणेनाशी झाली.

गुरुवारी सहाला जिन्यापाशी जी गर्दी जमली, तशी त्या इमारतीत फक्त मयताला जमायची. कोणी गाऊनवर कोट चढवलेला, कोणी चपलांत. मान्रिकोने टॅक्सीतून गरम फ्रातींची पिशवी आणली होती, साखरेत घोळलेल्या त्या तळलेल्या कड्यांचा वास जिनाभर पसरला. इल्वा कॉफीचा थर्मास घेऊन फिरत होती. मान्रिको आणि वरचा तरुण, दोघांनी मिळून नेदोला खुर्चीसकट खाली आणून ठेवलं. घर नेदोच्या नावावर होतं, तेव्हा मत त्याचंच. त्याने टीमच्या रंगाचा मफलर गुंडाळला होता आणि तो मजेत होता.

कोर्सीनी टाय लावून आला. त्याने हजेरी घेतली, हिस्से मिळवले, पुन्हा मिळवले, आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. "सभा कायदेशीर आहे," तो म्हणाला, आणि टायची गाठ घट्ट केली.

आधी बाबागाडीचा बाप बोलला. "माझ्या मुलीची गाडी इथून गेली. बायको रात्री एकटी असते, जिन्यात पाऊल वाजलं की उठून बसते. आम्ही काय करायचं?"

इल्वाला ते लागलं. पोरगा खोटं बोलत नव्हता.

"चांगलं जाड कुलूप घाल," ती म्हणाली, "नक्कल निघणार नाही अशा किल्लीचं. वर कडी घाल. लोखंडाचं दार म्हणालास तरी मी हात वर करीन. पण लोखंडाचंच असू दे रे बाबा. आज ते माझ्या फोनला म्हणतंय, म्हातारा आहेस, आत येऊ नको. तुझा फोन आज नवा आहे. पाच वर्षांनी तुझ्या हातात पिशव्या असतील, कडेवर पोर असेल, आणि हेच दार तुला म्हणेल, आधी अपडेट कर. केलंस आणि दुसरं काही बंद पडलं तर त्याला जबाबदार कोण? बेर्तोक्की? तो तेव्हा पिसात झोपलेला असेल."

लोक हसले. पोरगा हसला नाही, पण विचारात पडला. बायकोने त्याचा दंड दाबला.

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ओरियानाला राहवेना. ती रुमाल सावरत पुढे झाली. "आणि मुख्य म्हणजे हे नेदोसाठी आहे! फोन अपडेट झाला की इल्वाला त्याचं बोलणं ऐकू येणार नाही, कायमचं! त्या बिचाऱ्यासाठी, त्या असहाय..."

इल्वाने तिच्याकडे असं बघितलं की ती निम्म्यात मिटली. पण बाण सुटला होता. नेदोची मान हळूहळू इल्वाकडे वळली, आणि त्याच्या चेहऱ्यावरची मजा पुसली गेली.

"मतदान," कोर्सीनी घाईने म्हणाला. "किल्लीचंच कुलूप राहावं, नवं आणि नक्कल न होणारं, या बाजूने हात वर करा."

हात वर झाले. बाबागाडीवाल्याचाही झाला, जरा उशिरा. कोर्सीनीने स्वतःचा हात खालीच ठेवला. त्याने हिस्से मोजले, पेन्सिल थांबली. "हजारातले निम्मे लागतात. थोडक्यात कमी पडतायत." त्याने वर बघितलं. "सिन्योर नेदो?"

नेदोचा डावा हात, त्याचा चालणारा हात, मांडीवर होता. तो तिथेच राहिला.

"नेदो, हात," इल्वा म्हणाली.

हात हलला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सबंध इमारतीत ती दारोदार फिरली, आणि ज्याचं मत लागत होतं त्यालाच विचारायचं राहिलं. नेदोचे ओठ हलले. सगळे वाकून ऐकायला लागले, आणि नेहमीप्रमाणे कोणाला काही कळलं नाही.

"काय म्हणतात ते?" कोर्सीनीने विचारलं. "वृत्तांतात लिहावं लागेल."

इल्वाने स्पष्ट ऐकलं होतं. त्या जिन्यात तिच्याशिवाय कोणालाही ते कळलं नव्हतं. ती म्हणू शकली असती की तो हो म्हणतोय, आज हात जड झालाय. कोणी शंका घेतली नसती. वाक्य तिच्या जिभेवर आलंही. पण नेदो तिच्याकडे बघत होता. त्याचा आवाज वाचवायला म्हणून एवढी यातायात केली, आणि पहिल्याच अडचणीला त्या आवाजात आपलेच शब्द घालायचे? मग त्याला मुका करायला बेर्तोक्की कशाला हवा होता?

"म्हणतोय," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला, "नवं कुलूप बसवा. फोनचं."

जिन्यात चुळबुळ झाली. मान्रिकोच्या हातातली फ्राती खाली पडली.

"का म्हणून?" इल्वा नेदोवर कडाडली. "काय झालं तुला?"

"मला... सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं! तू असाच अडून बसशील म्हणून नाही सांगितलं."

"माझ्यापायी... फोन म्हातारा ठेवतेस. दाराशी... भांडतेस. नवी यंत्रं घे. बाकीचं... जग ऐक."

"बाकीचं जग मी आयुष्यभर ऐकलं. बाटल्या होत्या नुसत्या!"

शेजाऱ्यांना भांडणाची एकच बाजू ऐकू येत होती, पण तेवढीही पुरत होती. कोर्सीनी लिहायचंही विसरला.

"मी... बिचारा नाही," नेदो म्हणाला.

"कोण म्हणतं बिचारा? ही म्हणते, हिला मांजर शिंकलं तरी रडू येतं. मी म्हटलं का कधी?"

"एक दिवस... तो फोन... मरणारच आहे."

"मरू दे!" इल्वा ओरडली. तिचा आवाज जिन्यातून पार पाचव्या मजल्यापर्यंत गेला. "फोन मरेल, यंत्रं मरतील, तू मरशील, मी मरेन. पण आपापल्या वेळेला मरू. बेर्तोक्कीने कुलूप बसवलं म्हणून नाही. मी काय तुझ्यावर उपकार करतेय असं वाटलं तुला? सूप तर मी मुक्यालाही भरवलं असतं. मला तुझ्याशी भांडायचंय, गाढवा! आज, उद्या, रोज. ज्याचं ऐकूच येत नाही त्याच्याशी भांडू कशी मी?"

बाहेर कालव्यात एक होडी फटफटत गेली. नेदो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडाची चालणारी बाजू थरथरली. आणि त्याचा डावा हात मांडीवरून सुटला, मफलरशी जरा अडखळला आणि वर गेला.

मान्रिकोने बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ओरियाना मोकळी होऊन रडली. कोर्सीनीने पेन्सिल उचलली आणि अगदी सावकाश, एकेका घराचं नाव घेत, हिस्से पहिल्यापासून मिळवायला सुरुवात केली. मध्येच नेदोचे ओठ पुन्हा हलले, तसा तो थांबला.

"आता काय म्हणाले, सिन्योरा? लिहायला हवं."

इल्वाने बाहीने नाक पुसलं.

"म्हणतोय, लवकर मोजा, हात दुखतोय."